डेल्फीनची पडवी

ऑरिन माकीनं एकतीस वर्षं लोकांची घरं बसवली. बांधली नाहीत, बसवली. कारखान्यात तयार झालेलं घर दोन अर्ध्यांत ट्रकमागून यायचं. ऑरिन आणि त्याचे दोन गडी ते जागेवर ओढायचे, खालच्या लोखंडी सांगाड्याला काँक्रीटच्या ठोकळ्यांचा टेकू द्यायचे, पाण्याची नळी धरून समतल बघायचे, दोन अर्धी एकमेकांना जोडायचे आणि वादळात हलू नये म्हणून पोलादी पट्ट्यांनी जमिनीला जखडून टाकायचे. मिशिगनच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठच्या तीन काउंटींत त्यानं बसवलेलं एकही घर कलंडलं नाही की कुठं दार अडकलं नाही. हे तो स्वतःहून सांगायचा नाही. पण दुसरं कोणी सांगायला लागलं, की हातातलं काम थांबवून नीट ऐकून घ्यायचा.

डेल्फीन त्याची बायको होती, बावीस वर्षं. व्हाइट बर्च पार्कात, शंभरेक घरांच्या त्या वस्तीत, त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेल्या घरात ती नांदली. तिचं मागणं एकच होतं: दारापुढे छपराची एक पडवी. पाऊस पडत असताना बाहेर बसता यावं, एवढंच.

“करू की,” ऑरिन म्हणायचा. “पण नीट करायला पाहिजे. ह्या घराच्या भिंती फक्त स्वतःचं वजन पेलायला केलेल्या असतात. पडवी भिंतीला टेकवून चालत नाही. ती आपल्या खांबांवर उभी राहिली पाहिजे. खांब गोठरेषेच्या, म्हणजे थंडीत जमीन जिथपर्यंत गोठते तिच्या, खाली गेले पाहिजेत. नाहीतर थंडीत जमीन फुगते आणि खांबाला वर उचलते.”

“मग घाल ना खाली!”

“घालतो. आधी नकाशा काढू दे. परवानगी काढू दे.”

नकाशा त्यानं खरंच काढला. बारीक पेन्सिलीनं, मापांसकट. मग त्याला वाटलं, तुळई जरा जाड हवी. मग वाटलं, छपराचा उतार कमी आहे, बर्फ साचेल. मग घरं बसवायचा मोसम सुरू झाला, मग संपला, मग बर्फ पडला. आपल्या भागात काम करायला मिळतात जेमतेम पाच महिने, आणि ते पाचही महिने लोकांच्या घरांत जायचे. डेल्फीन दारासमोरच्या ठोकळ्यांच्या पायरीवर बसून मटार सोलायची, आणि पाऊस आला की भांडं उचलून आत जायची.

मग एका सप्टेंबरात ती गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. त्याच पार्कात चार ओळी पलीकडे एक जुनं घर विकायला होतं, ते तिनं घेतलं. “तुझ्याबरोबर राहून मी सारखी कशाची तरी वाट बघत असते,” एवढंच तिनं सांगितलं. ऑरिनला ते कळलं नाही, पण तिचं कपाट उचलून न्यायला त्यानं मदत केली. तिच्या नव्या घराखालचे ठोकळे ढिले झालेले दिसले, तेही आवळून दिले.

सहा वर्षांनी डेल्फीननं क्लीट बार्नहार्टशी लग्न केलं. क्लीट दक्षिणेकडचा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, मोठ्यानं हसणारा. पार्काच्या कपडे धुवायच्या खोलीत दोघांची ओळख झाली म्हणे. लग्नाला ऑरिन गेला, केकचे दोन तुकडे खाल्ले, क्लीटचा हात हातात घेऊन हलवला. लोक त्याच्याकडे चोरून बघत होते. पण लग्नाचं त्याला फारसं काही वाटलं नाही.

वाटलं ते पडवीचं.

मे महिन्यात डेल्फीनच्या, आता क्लीटच्याही, दारात लाकडाचा ट्रक उभा राहिला. ऑरिनला ते दिसलं, कारण तो टपाल आणायला निघाला होता. टपालाच्या पेट्या पार्काच्या फाटकाशी होत्या आणि तिकडे जायचा सरळ रस्ता डेल्फीनच्या घरावरून जात नव्हता, तिचं दार तिथून फक्त लांबून दिसायचं. त्या दिवसापासून ऑरिन वाकड्या रस्त्यानं जायला लागला. टपाल दिवसातून एकदाच यायचं. ऑरिन तीनदा जायचा.

क्लीटला सुतारकाम येत नव्हतं, हे लांबूनच दिसत होतं. तो टेप उलटी धरायचा. करवत अर्ध्यात अडकली की तिला शिव्या घालायचा आणि मग स्वतःच हसत सुटायचा. डेल्फीन फळीचं दुसरं टोक धरून उभी असायची. “अरे, वाकडी होतेय!” ती ओरडायची. “वाकडी नाही, उतार आहे तो, पाण्यासाठी!” क्लीट म्हणायचा आणि ती फळी सोडून पोट धरून हसायची. ऑरिनच्या घरात बावीस वर्षांत ती अशी कधी हसली होती का? त्यानं आठवून बघितलं. एकदा, त्याच्या टोपीत मधमाशी शिरली होती तेव्हा. पण त्या हसण्यात त्याचं काही कर्तृत्व नव्हतं.

हे बघून जे वाटायचं त्याला तो नाव देत नव्हता. त्याऐवजी तो चुका मोजायचा. खांब गवतावर ठेवलेल्या तयार ठोकळ्यांवर उभे, पाया नाहीच: एक. घराच्या भिंतीला बोल्टनं आवळलेली जाड फळी आणि निम्मी पडवी तिच्यावर लटकवलेली: दोन. छपराचे वासे भिंतीवर टेकलेले: तीन. जमिनीपासून चौतीस इंच उंच, तरी कठडा नाही: चार. पायऱ्या एकीसारखी दुसरी नाही: पाच. आणि आग लागली तर झोपायच्या खोलीच्या ज्या खिडकीतून माणूस बाहेर पडायचा, तीच खिडकी ह्या शहाण्यानं जाळी ठोकून बंद केलेली: सहा. सहावी सापडली त्या दिवशी ऑरिन घरी येऊन शीळ घालत होता.

दोन आठवड्यांत पडवी उभी राहिली. पुढच्या शनिवारी दुपारी पाऊस आला आणि ऑरिन छत्री घेऊन टपाल आणायला गेला. पडवीत आठ-दहा माणसं दाटीवाटीनं बसली होती. कॉफीचे मग, वेलचीचा गोड पाव, जंगली बेरीचा मुरंबा. डेल्फीन झुलत्या खुर्चीत, पाय वर घेऊन. छपरावर पाऊस वाजत होता आणि ती वर बघत होती.

“ऑरिन!” तिनं हाक मारली. “भिजतोयस कशाला? वर ये, कॉफी घे.”

तो रस्त्यातच थांबला. ‘येतो’ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “परवानगी काढलीय का?”

“परवानगी?” क्लीट म्हणाला. “कशाची? माझ्याच दारात बसायची?”

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, “बसा बसा लोकहो, माकीसाहेब पावत्या तपासायला आलेत.” पुन्हा हशा.

डेल्फीन तेवढी हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, “बावीस वर्षं तू मला नियम ऐकवलेस ऑरिन. ह्यानं पंधरा दिवसांत पडवी दिली.”

पावसातून घरी येईपर्यंत ऑरिनच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्यानं टेबलावर कागद ओढला आणि काउंटीच्या बांधकाम कार्यालयाला पत्र लिहिलं. सहा मुद्दे, एकाखाली एक. खाली नाव घातलं नाही. लिहिलेलं सगळं खरं होतं. आपल्याकडे छपरावर माणसाच्या छातीइतका बर्फ साचतो, आणि तेवढं ओझं त्या बारक्या भिंतीवर आलं असतं तर छपरासकट भिंत बाहेर ओढली गेली असती. तो स्वतःला हेच सांगत होता, की मी त्यांच्या भल्यासाठी लिहितोय. पण भलंच करायचं असतं तर चार ओळी ओलांडून दहा मिनिटांत क्लीटला तोंडी सांगता आलं असतं. हेही त्याला कळत होतं. पाकीट चिकटवताना कळत होतं, तिकीट लावताना कळत होतं, पेटीत टाकतानाही कळत होतं.

कार्यालयातून जोअॅन पेल्की आली, निरीक्षक. ऑरिन तिला वीस वर्षं ओळखत होता. तिनं वर-खाली बघितलं, घराखाली वाकून बघितलं, आणि पडवीच्या खांबाला लाल कागद चिकटवला. वापर बंद. साठ दिवसांत नियमात बसवा नाहीतर काढून टाका.

त्या दिवशी ऑरिन टपाल आणायला चारदा गेला. पहिल्या खेपेला डेल्फीन झुलती खुर्ची उचलून खाली आणताना दिसली आणि ऑरिनच्या छातीत गार वाटलं. चौथ्या खेपेला दोघं अंगणातल्या गवतावर बसली होती. क्लीट सँडविच खात होता आणि तोंडात घास असतानाच हातवारे करून काहीतरी सांगत होता. डेल्फीननं हसता हसता त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. डोक्यावर छप्पर नाही, खाली फळी नाही, लाल कागद समोर फडफडतोय, आणि ह्यांना त्याचं काही नाही. ऑरिनला वाटलं होतं, पडवी गेली की काहीतरी जाईल. काही गेलं नव्हतं. ते बघून तो असा जळला, की फाटकापर्यंत न जाताच परत फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर क्लीट, हातात कागद.

“येऊ का?” असं विचारून तो आलाच आत. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि कागद ऑरिनपुढे सरकवला. “तक्रारीतले मुद्दे आहेत. पेल्कीबाईनं नोटिशीत जसेच्या तसे उतरवलेत. वाच.”

ऑरिननं वाचल्यासारखं केलं. “बरं मग?”

“ज्यानं लिहिलंय त्याला काम येतं. सहा मुद्दे, सहाही बरोबर. बाई सातवा शोधत होती, तिला सापडला नाही.” क्लीटनं टेबलावरचा पाव न विचारता तोडला. “तेव्हा मला वाटलं, ज्याला चुका कळतात त्याला दुरुस्तीही कळत असणार.”

ऑरिनचे कान तापले. “कोणी लिहिलंय म्हणतोस?”

“मी कुठं म्हणतोय? मी म्हणतोय, तू घरं बसवायचास. मला शिकव. डेल्फीनला ती पडवी पाहिजे रे. बोलून दाखवत नाही ती, पण मी बघतो ना, पाऊस आला की दारात येऊन उभी राहते.”

ऑरिनकडे नाही म्हणायला शंभर कारणं होती. पण एक विचार मनात आला आणि त्यानं सगळी कारणं बाजूला सारली. तिच्या दारात जे उभं राहील, ज्यात ती रोज बसेल, ते ह्या माणसाच्या हातचं नसेल. माझ्या हातचं असेल.

“फावडं आहे का तुझ्याकडे?” तो म्हणाला.

“आहे. म्हणजे बर्फाचं आहे.”

“ते राहू दे घरी. माझं घेऊ.” तो उठला, खणातून जुना नकाशा काढला, त्याची नक्कल करून परवानगीच्या अर्जाला जोडली. दोन्ही घरांची रुंदी एकच होती. एकही रेघ बदलावी लागली नाही.

जूनभर त्यांनी काम केलं. जुनी पडवी उतरवली, भिंतीतल्या बोल्टांची भोकं बुजवली. मग आठ खड्डे, प्रत्येक बेचाळीस इंच. जमीन दगडांनी भरलेली. क्लीट दर अर्ध्या तासानं फावड्यावर रेलायचा. “अरे, ह्या खड्ड्यात पडवी बसवायचीय की मला पुरायचंय?”

“बेचाळीस म्हणजे बेचाळीस.”

“चाळीस केले तर जमिनीला कसं कळेल?”

“जानेवारीत कळेल.”

क्लीट खदाखदा हसायचा आणि पुन्हा खणायला लागायचा. शिकायला मात्र तो चांगला होता. एकदा सांगितलं की पुन्हा विचारायचा नाही. ऑरिननं त्याला खांब साहुलीत, अगदी सरळ उभा, कसा धरायचा ते दाखवलं. कठड्याच्या गजांत चार इंचांचा चेंडूसुद्धा पलीकडे जाता कामा नये, लहान मुलाचं डोकं अडकतं, हे सांगितलं तेव्हा क्लीटनं खरंच नातीचा चेंडू आणून प्रत्येक फटीत घालून बघितला. ऑरिनला तो आवडायला लागला, आणि त्यामुळे सगळंच अवघड होऊन बसलं. माणूस वाईट असता तर जळायला सोपं गेलं असतं. हा तर काम संपल्यावर आपली अर्धी बिअर ऑरिनच्या ग्लासात ओतायचा. आणि तेवढ्यात डेल्फीन दारात आली, की त्याचा चेहरा असा उजळायचा, जणू ती आत्ताच कुठून तरी लांबून आलीय. हा चेहरा कसा करायचा ते ऑरिनला कधी जमलं नव्हतं. ते कुठल्या नकाशात काढून ठेवता येत नव्हतं.

एका दुपारी क्लीट सिमेंटच्या गोण्या आणायला गेला होता. ऑरिन सातव्या खड्ड्यात होता. डेल्फीन बाहेर आली, नकाशा हातात.

“कोपऱ्यात तारीख आहे ह्याच्यावर,” ती म्हणाली. “एप्रिल एक्क्याण्णव.”

“हो.”

“एवढा तयार होता, तर मग बांधली का नाहीस रे?”

ऑरिननं फावडं जमिनीत रोवलं. “वाटायचं, अजून बरोबर झालेलं नाही. कुठं चुकली असती तर?”

“तर मी चुकलेल्या पडवीत बसले असते.”

तिनं नकाशाची घडी घातली. “पत्र तू लिहिलंस.”

“हो.”

“कळलं होतं मला. ‘गोठरेषा’ म्हणणारा ह्या पार्कात तुझ्याशिवाय दुसरा कोण आहे?”

“क्लीटला सांगू नकोस.”

“सांगू काय? त्यालाच आधी कळलं. नोटीस वाचून म्हणाला, हे ऑरिनचं. म्हणाला, बरं झालं, हिवाळ्यात छप्पर माझ्या डोक्यात पडलं असतं.”

“रागावला नाही?”

“नाही. त्याला तुझी कीव आली.”

ती आत गेली. ऑरिन खड्ड्यात उभाच राहिला. राग चालला असता. शिवीगाळ, धक्काबुक्की, काहीही चाललं असतं. त्या बसवाल्याला, उलटी टेप धरणाऱ्याला, आपली कीव यावी! आणि तरी तो रोज सकाळी येऊन “काय गुरुजी, आज काय?” म्हणून पाठीवर थाप मारतो, म्हणजे ती कीव पोटात ठेवून मारतो? ऑरिननं फावडं उचललं आणि खणत सुटला. क्लीट परत आला तेव्हा सातवा खड्डा पन्नास इंचांवर गेला होता.

“अरे, हा बेचाळीसच ना?” क्लीटनं वाकून विचारलं.

“इथली माती भुसभुशीत होती,” ऑरिन म्हणाला.

कामावरून तो निघून गेला नाही. जावंसं त्याला दोन-तीनदा वाटलं, पण अर्धवट काम टाकून जाणं त्याच्या हातांना माहीत नव्हतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जोअॅन पेल्की शेवटच्या तपासणीला आली. पडवी आपल्या आठ खांबांवर उभी होती आणि घराच्या भिंतीपासून बरोबर एक इंच सुटी होती. पावसाचं पाणी त्या फटीत जाऊ नये म्हणून वर पत्र्याची पट्टी वाकवून बसवली होती. जोअॅननं पायऱ्या मोजल्या, कठडा हलवून बघितला, खिडकी उघडून बघितली. “माकी,” ती म्हणाली, “हे तुमचं काम, हे कागद न बघताही मी ओळखलं असतं.”

“आमचं,” क्लीट म्हणाला. “खड्डे माझे आहेत. चार तरी.” आणि जमलेल्या शेजाऱ्यांना तो पुठ्ठ्याचा तुकडा फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवून दाखवायला लागला. “बघा! कुठंही टेकत नाही! घर हललं तर घर हलेल, पडवी पडवीच्या जागी!”

त्या रविवारी ऑरिनला बोलावणं होतं आणि तो गेला. डेल्फीननं त्याच्यासमोर मग ठेवला, कॉफी कोरी, बिनसाखरेची, न विचारता. क्लीटच्या मगात तिनं दोन चमचे साखर घातली आणि ढवळून दिली. ऑरिननं त्या ढवळण्याकडे बघितलं. मग तुळईकडे बघितलं. तुळई सरळ होती. अर्ध्या तासानं तो उठला, काम आहे म्हणाला. कसलंही काम नव्हतं.

त्या हिवाळ्यात फार बर्फ पडला. मार्चमध्ये पार्कातल्या दारांवरची दोन पत्र्याची छपरं आणि गाडी ठेवायचा एक मांडव कोसळला. डेल्फीनच्या पडवीचा एक खिळासुद्धा सरकला नाही. मग लोक ऑरिनकडे यायला लागले. आम्हाला पण तशीच हवी, भिंतीपासून सुटी. ऑरिननं हो म्हटलं. एकट्यानं होण्यासारखं नव्हतं, आणि मदतीला कोण येणार म्हणेपर्यंत क्लीट फावडं घेऊन दारात हजर होता.

त्या उन्हाळ्यात त्यांनी दोघांनी मिळून तीन पडव्या उभ्या केल्या. डेल्फीन दोघांसाठी एकाच डब्यात दुपारचं जेवण द्यायची. मांस, बटाटा आणि सलगम भरलेल्या, भाजलेल्या, मोठ्या करंजीसारख्या पेस्ट्या. ह्या भागातल्या जुन्या खाणकामगारांच्या घरात जशी रीत होती, तसं ती प्रत्येकीच्या कोपऱ्यावर कणकेचं अक्षर चिकटवायची, एकीवर क्लीटचं, एकीवर ऑरिनचं. क्लीट हात न धुताच डब्यात हात घालायचा. ऑरिन आधी डबा आपल्याकडे ओढून घ्यायचा, दोन्ही पेस्ट्या शेजारी शेजारी ठेवायचा आणि कुठली मोठी आहे ते बघायचा. दोन्ही सारख्याच असायच्या. तरी तो रोज बघायचा.